निळं फाटक

दिवाळीला पुण्याहून चार जण आले आणि तिघंच परत गेले. पोरगा, सून, नात गेली. कुत्रा राहिला. लॅब्रॅडॉर, पिवळसर, पाच वर्षांचा, पोटाचा घेर माझ्यापेक्षा जास्त. पोरगा म्हणाला, "पप्पा, सोसायटीत लोक तक्रारी करायला लागलेत. आणि तुम्हालाही तेवढीच सोबत." सोबत! अरे बाबा, पस्तीस वर्षं एस्टीत कंडक्टर होतो मी. आमच्या इकडची वाशी ते धाराशिव, धाराशिव ते नळदुर्ग, माणसं कोंबून नेली. सोबतीला विटलोय मी. पण हे सांगेपर्यंत त्यानं गाडी चालू केली होती. नात मागच्या सीटवर रडत होती. तिचा आवाज ऐकून कुत्रा फाटकाकडं पळाला आणि मी फाटकाला कडी घातली.

त्याच दिवाळीत फाटकाला निळा ऑइलपेंट दिला होता. रंग स्वस्तातला, नखानं खरवडला तरी निघायचा. त्या निळ्या फाटकाकडं तोंड करून कुत्रा बसला तो बसलाच. रस्त्यानं कुठली चारचाकी वाजली की ताडकन उठायचा, गाडी पुढं गेली की परत बसायचा. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांकडून बार ऐकू आला की माझ्या खाटेखाली घुसायचा आणि खाट हलायची. त्याचं नाव इंग्रजी होतं. माझ्या जिभेला ते वळेना, आणि गावात मोठ्यानं हाक मारायची म्हणजे हसं करून घेणं. मी "ए" म्हणायचो, तो यायचा. आमचं तेवढ्यावर भागत होतं.

साखर निघाल्यामुळं वाशीच्या डॉक्टरनं मला रोज चालायला सांगितलं होतं. मग आम्ही दोघं लठ्ठ गडी रोज सकाळी ओढ्यापलीकडच्या माझ्या दोन एकरापर्यंत जायला लागलो. गावातली कुत्री त्याच्यावर तुटून पडायची. तो माझ्या दोन पायांत शिरायचा आणि मला पाडायचा. कट्ट्यावरची माणसं दात काढायची. आणि मी, खरं सांगतो, सगळी वाट पोराला शिव्या देत जायचो. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्या आवाजात. "हौसेनं जनावर आणलं आणि अडचण झाली की टाकून दिलं. लाज नाही वाटत? त्याला काय जीव नाही?" असं रोज. बायकोलाही पाठ झालं होतं.

जानेवारीत तुरी निघाल्या. आमच्याकडं रिकाम्या रानात धनगरांची मेंढरं बसवायची रीत आहे. आठ-दहा रात्री मेंढरं बसली की रानाला खत होतं, आपण त्यांना धान्य घालायचं. एक नवरा-बायको दरसाल येतात. शंभरेक मेंढरं, एक घोडं, चार कोंबड्या, एक म्हातारं बहिरं कुत्रं. त्यांना मी माझ्या रानात बसवलं. दिवसा मेंढरं चरायला जायची, संध्याकाळी जाळीच्या कुंपणात यायची.

त्यांच्याकडं यंदा एक नवीन कुत्री होती. पहिल्याच सकाळी आम्ही ओढा ओलांडला आणि बांधावरून ती सुसाट खाली आली. काळी-तांबडी, बरगड्या बाहेर आलेल्या, एक कान अर्धा फाटलेला. मी काठी उचलली. आमचा मर्द गडी माझ्या मागं. तिनं मला वळसा घातला, त्याच्यापाशी गेली आणि थांबली. त्यानं काय करावं? सरळ उताणा झाला आणि चारी पाय वर केले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं त्याचं तोंड हुंगलं, पोट हुंगलं, शेपटी हुंगली, आणि एकदम पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून, भुंकली. रागाचं भुंकणं नव्हतं ते. आमचा उठला. तिनं बांधाच्या कडेनं धूम ठोकली आणि हा तिच्या मागं पळाला!

पाच वर्षांत तो असा मोकळा कधी पळाला नसावा. पळता येत नव्हतं त्याला, मागचे पाय पुढच्यांच्या आधी यायचे. ती वळणावर थांबायची, तो पोचला की परत निघायची. एकदा तुरीच्या धसकटात कोलमडून पडला, तर ती मागं येऊन त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेली. मी हसून हसून बांधावर बसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच मी एवढा हसलो होतो.

मग रोजचंच झालं. सकाळी मेंढरं जाळीतून सुटेपर्यंत दोघांचा खेळ चालायचा. ती करंजाच्या झाडामागं दबा धरून बसायची आणि याच्या अंगावर यायची. ओढ्यातलं पाणी तोंड लावून प्यायला हा तिच्याकडूनच शिकला, तोवर ह्याला स्टीलचं भांडं लागायचं. धनगरीण जिभेनं 'ट्रर्र' असा आवाज काढायची. तो ऐकला की खेळ जिथल्या तिथं टाकून कुत्री मेंढरांकडं जायची, मागं वळून बघायची नाही. आमचा तिथंच उभा, जीभ बाहेर. मी मोबाइलवर दोघांचं शूटिंग करून पोराला पाठवायचो. तो अंगठा पाठवायचा.

तिच्या बरगड्या मला बघवेनात. मी घरून तूप लावलेल्या पोळ्या न्यायला लागलो, एक ह्याला, एक तिला. तिसऱ्या दिवशी धनगरणीनं पाहिलं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल बाई, पण चेहऱ्यावरून थोरली वाटते. हातातलं कोकरू तसंच घेऊन जवळ आली.

"भाऊ, तिला तुकडा टाकू नगा."

"का हो? उपाशी दिसतीय ती."

"तिची भाकरी सांजच्याला असती. मेंढरं जाळीत गेली की माझ्या हातानं घालते. तिला ठाऊक हाय, त्या येळेला हितं असलं पायजे. दिसा पोट भरलं तर सांजच्याला कशाला यील? हिकडं लांडगं हायत भाऊ. आमचं म्हातारं कुत्रं बहिरं झालंय. आता रात हिच्यावर हाय."

मी "बरं" म्हणालो. आणि चौथ्या दिवसापासून करंजाच्या आड तिला पोळी घालायला लागलो. आयुष्यभर लोकांना नियम सांगितले ना, दुसऱ्यानं मला नियम सांगितलेला खपत नाही. मला वाटलं, स्वतः दोन घास नीट घालायचे नाहीत आणि वर कायदा सांगतात. मला वाटलं, मी दयाळू आहे. वाटलं बघा!

आठव्या दिवशी मी संध्याकाळचीही एक फेरी मारली. मुद्दाम मारली. पोळ्या खिशात होत्या. दिवस मावळायला आम्ही परत फिरलो तर कुत्री आमच्या मागं मागं निघाली. ओढ्यापाशी थांबून एकदा तिनं रानाकडं पाहिलं, एकदा माझ्या खिशाकडं. मी खिशात हात घातला. ती घरापर्यंत आली. अंगणात मी तिला दूध-पोळी कालवून घातली आणि ती खाऊन आमच्याजवळ पसरली. आमचा तिच्याकडं तोंड करून बसला होता. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याची पाठ फाटकाकडं होती.

ते बघितलं आणि मी उठून कडी घातली. म्हटलं, एक रात्र. एका रात्रीनं काय होतंय?

अंधार पडल्यावर फाटक वाजायला लागलं. नखांचा आवाज. बायको म्हणाली, "अवं, सोडा की तिला. तिची माणसं वाट बघत असतील." मी म्हणालो, "पोटभर खाल्लंय तिनं, जाईल कशाला? गप पड." फाटक बराच वेळ वाजलं. मग थांबलं. मी म्हटलं, बघ, झोपली.

सकाळी कडी काढली तशी ती फटीतूनच बाहेर पडली आणि गोळीसारखी गेली. आम्ही दोघं आमच्या चालीनं मागून गेलो. ओढ्यावरच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मेंढरं रोज त्या वेळी ओरडत असायची. आज सगळी एका कोपऱ्यात चिकटून उभी होती, एकीचाही आवाज नाही. जाळी एका बाजूला आडवी पडलेली. गाभण मेंढी पोट फाटून पडली होती आणि तिच्याजवळ तीन कोकरं ओळीनं ठेवलेली. लांडग्यानं नेलेली वेगळी. धनगर जाळीची मेख परत ठोकत होता. कुत्री पोट जमिनीला घासत त्याच्याकडं सरकत होती. त्यानं बघितलं नाही. ती अजून जवळ गेली तेव्हा त्यानं हातातला दगड तिच्या पाठीत घातला. ती ओरडली नाही. मान खाली घालून तिथंच बसली.

धनगरीण माझ्याकडं आली. डोळे कोरडे होते तिचे.

"भाऊ, रातच्याला ही तुमच्याकडं आलती का?"

आता बोलायचं होतं. एक वाक्य होतं. 'मी कोंडली होती, ती येत होती.' तेवढं म्हटलं असतं तर कुत्रीची जागा तिची राहिली असती. मी म्हणालो, "आमच्याकडं? न्हाय बा."

पस्तीस वर्षं बिगरतिकिटाची माणसं मी तोंडावरून ओळखली. तिकीट पडलं, मागच्यानं काढलंय, आत्ताच चढलो, सगळं ऐकलंय. खोटं बोलणारा माणूस आधी आपल्याकडं रोखून बघतो आणि मग खिसे चाचपतो. मी खिसे चाचपत होतो. खिशात कालच्या पोळीचा तुकडा होता.

बाईनं माझ्याकडं बघितलं. मग ती कुत्रीजवळ उकिडवी बसली, तिचा पुढचा पाय हातात घेतला, उलटून पाहिला आणि खाली ठेवला. मला वाटलं, काटा बघतीय. नवऱ्याला ती काही बोलली नाही. तोच म्हणाला, "रातच्याला जाग्यावर न्हाय ते कुत्रं घिऊन काय करू? बिनकामाचं त्वांड." माझ्यावर त्याचा राग नव्हता. उलट मलाच म्हणाला, "भाऊ, रान अर्धवट ऱ्हायलं तुमचं, पण आता हितं नगं वाटतंय."

दुपारी त्यांनी बिऱ्हाड घोड्यावर घातलं. मीही तिथंच रेंगाळलो होतो, कशाला ते मलाच ठाऊक. कळप निघाला तशी कुत्री उठून आपल्या जागी, कळपाच्या मागं, चालायला लागली. धनगरानं ढेकूळ मारलं. ती थांबली, परत निघाली. दुसरं मारलं. तिसरं तिच्या कानफटात बसलं तेव्हा ती वाटेत बसली. धुरळा खाली बसला तरी बसूनच होती. मग आमचा गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. मी दोघांना घेऊन घरी आलो. आणि आता लपवून काय करू, घरी येताना मला आनंद झाला होता. माझ्या कुत्र्याला कायमची सोबत मिळाली होती.

पोराला फोनवर दाखवलं. तो म्हणाला, "भारी, पप्पा! याला पार्टनर मिळाली."

पण ती खेळेना. आमच्या गड्यानं माझी चप्पल तोंडात धरून तिच्यापुढं आणून टाकली, तिनं तोंड फिरवलं. तुपाच्या पोळीला तिनं नाक लावलं नाही. दिवसभर फाटकाशी बसायची. संध्याकाळी उठून अंगणाला कडेकडेनं दोन फेऱ्या घालायची, जणू आत शंभर मेंढरं आहेत, आणि मग उभी राहायची. बायकोनं हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्या वेळेला कोरडी भाकरी नेऊन ठेवली. ती खाल्ली. माझ्या हातची मात्र नाही. मी खाली ठेवून लांब गेलो तरी नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बायको फाटकाखाली झाडत होती. रंगाचे निळे पोपडे पडले होते, मूठभर. ते सुपलीत भरून ती माझ्यापुढं आली. म्हणाली, "पोराला किती बोलत होता तुम्ही." एवढंच. मी चहाचा कप आपटला, तो फुटला. तिला वाटेल ते बोललो. तिनं कपाचे तुकडेही त्याच सुपलीत भरले.

मी चपला घातल्या आणि स्टँडवर गेलो. विचारत विचारत माग काढला. तेरखेड्याच्या अलीकडं एका माळावर ते उतरले होते. एस्टीतून उतरून दोनेक किलोमीटर चाललो. धनगर मेंढरांमागं गेला होता. बाई एकटीच होती, पोरक्या कोकराला दुसऱ्या मेंढीच्या आचळाला लावत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"बाई, त्या रात्री कुत्री माझ्याकडं होती. मीच कडी लावली होती. ती रात्रभर फाटक खरवडत होती. तिची काही चूक नव्हती."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. मान वर केली नाही. "नखात निळा रंग हुता तिच्या. रगात येस्तवर खरवडलंय तिनं. गावात निळं फाटक एकच हाय."

मी म्हणालो, "मग बोलला का नाहीत? मालकाला का नाही सांगितलं?"

"सांगून? ते तुमच्याशी भांडलं असतं. मग फुडल्या साली मेंढरं कुणाच्या रानात बसवायची? गावात एकाशी वाकडं आलं की समदं गाव बांधावर आडवं येतंय. कुत्री दुसरी भेटंल, भाऊ. रान कुठनं आणू?" कोकरू प्यायला लागलं तसा तिनं हात काढला. "तुमी सांगताय का म्हणून मी दुपारपतुर थांबले हुते. आमाला सकाळीच निघायचं हुतं."

मी म्हणालो, "चुकलं माझं. माफ करा." ती कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पण मला हलकं वाटलं. केवढं हलकं वाटलं! बोललो एकदाचं, सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात तिनं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्या मागं, रस्त्याकडं, बघितलं.

"कुत्री कुठं हाय?"

"घरी आहे."

"आणली न्हाय?"

मी म्हणालो, "एस्टीत कुत्रं घेत नाहीत."

मी म्हणालो हे! ज्यानं पस्तीस वर्षं बोकडं नेली, कोंबड्यांच्या पाट्या नेल्या, नळदुर्गच्या एका म्हातारीचं आजारी कुत्रं तिच्या मांडीवर बसवून धाराशिवच्या दवाखान्यापर्यंत नेलं, त्यानं. बाईला ते ठाऊक नव्हतं. तिनं मान हलवली.

"मग उद्याच्याला टमटमनं आणा. परवा आमी हलणार. मालकाला म्या सांगते काय ते. आणा पर नक्की."

"आणतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चौकात टमटम उभी होती. ड्रायव्हर ओळखीचा, रिकामाच बसलेला. मी फाटकापाशी दोरी घेऊन उभा राहिलो. आमचा तिच्या पाठीवर मान टाकून झोपला होता. ती जागी होती आणि माझ्या हातातल्या दोरीकडं बघत होती. मी म्हटलं, ह्याला एकदा पोरानं टाकलंय, आता परत एकटा पाडू? म्हटलं, तिथं तरी तिला काय मिळणार, दगड आणि कोरडी भाकरी. म्हटलं, जेवण करून जाऊ. जेवल्यावर म्हटलं, ऊन उतरू दे. संध्याकाळी म्हटलं, आता तिथं पोचेपर्यंत उशीर होईल. कारणं काढायला मला कुणी शिकवायला नको, पस्तीस वर्षं ऐकली आहेत. दोरी मी खिळ्याला अडकवली. त्याच्या पुढच्या दिवशी ते माळावरून हलले असतील.

आता मी फाटकाला कडी लावत नाही. उघडंच असतं. ती जात नाही. जायचं कुठं, ते तिला तीन ढेकळांनी सांगितलंय. दिवस मावळला की अंगणात दोन फेऱ्या घालते आणि रस्त्याकडं तोंड करून बसते. तिचं बघून आमचाही पुन्हा तसाच बसायला लागलाय, तिच्या शेजारी, माझ्याकडं पाठ करून. ज्यासाठी मी ते सगळं केलं, तेही राहिलं नाही.

काल संध्याकाळी पोराचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "पप्पा, दोघं मजेत ना?"

समोर फाटकात दोन पाठी दिसत होत्या.

"मजेत आहेत," मी म्हणालो.

बायको शेजारीच बसली होती. ती उठली, घरातून कोरडी भाकरी घेऊन आली, फाटकाशी ठेवली आणि माझ्याकडं न बघता आत गेली.